हाडं, सांधे आणि जीन थेरपी: वाचकांचे प्रश्न

जीन थेरपी म्हणजे पेशींत जनुक घालून केलेला उपचार. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी हाडं आणि सांध्यांशी संबंधित सात प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं अस्थिरोग आणि आनुवंशिक आजार या क्षेत्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने दिली आहेत. औषधांची मात्रा समजण्यासाठी सांगितली आहे, स्वतःहून घेण्यासाठी नाही.

प्रश्न: आईचं वय ६४. दोन्ही गुडघे झिजलेत, एक्स-रेच्या रिपोर्टवर ग्रेड ३ लिहिलंय. एका दवाखान्याची जाहिरात आहे, ‘जीन थेरपीने गुडघेबदल टाळा’. एका गुडघ्याचे ८५ हजार सांगितले. करावं का? (सांगली)

उत्तर: त्या नावाखाली तर मुळीच करू नका. गुडघ्याच्या झिजेसाठी भारतात एकाही जीन थेरपीला विक्रीची परवानगी नाही, अमेरिका-युरोपातही नाही. जे काही आहे ते चाचण्यांमध्ये आहे, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. त्यामुळे ८५ हजारांचा आकडा ऐकला तिथेच उत्तर मिळालं.

मग ते टोचणार काय? बहुतेक वेळा पीआरपी. हातातून २० ते ६० मिली रक्त काढतात, यंत्रात फिरवून प्लेटलेट्सचा थर वेगळा करतात आणि त्यातले काही मिली गुडघ्यात सोडतात. यात एकही जनुक बदलत नाही. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली होती, निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसतं सलाईन. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर वेदनेत किंवा कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, झिजेत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसरी शक्यता कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेची. तिसरी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची. यापैकी एका भारतीय पेशी-उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे, पण तीही दात्याच्या मज्जेतल्या पेशींची थेरपी आहे, जनुकांची नाही.

दवाखान्यात गेलातच तर तीन गोष्टी विचारा: जनुक कोणतं, ते कशातून नेणार, आणि कोणत्या पेशींत सोडणार. त्यानंतर चाचणीचा ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की चाचणी कोण करतंय, कुठल्या रुग्णालयात आणि किती रुग्णांवर, हे कुणालाही वाचता येतं. उत्तरादाखल चकचकीत माहितीपत्रक पुढे सरकवलं तर उठून या. ‘आमच्या पेशंटना किती फरक पडला बघा’ हाही पुरावा नव्हे. गुडघ्यात नुसतं सलाईन टोचलं तरी बऱ्याच जणांना काही महिने बरं वाटतं, म्हणून तर चाचणीत सलाईनचा गट ठेवावा लागतो.

ग्रेड ३ ला आज उपयोगी पडतं ते मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ आणि वजन. पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवायचा, पाय वीतभर उचलायचा, पाच ते दहा सेकंद धरायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण दर तीन महिन्यांनी घेत राहिल्यास कूर्चा जास्त पातळ होते, हेही तपासून झालं आहे. एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल तर गुडघेबदल टाळत बसण्यात शहाणपण नाही.

प्रश्न: सांध्यात जनुक सोडतात म्हणजे नेमकं काय करतात? माणसाचा डीएनए कायमचा बदलतो का? (डोंबिवली)

उत्तर: झिजेच्या आजारात एखादं बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं नसतं, कारण तसं एकच जनुक नसतंच. इथे जनुक हे औषध बनवण्याची कृती म्हणून वापरतात. गुडघ्यात टोचलेलं प्रथिन-औषध काही तासांत, फार तर दिवसांत, रक्तात निघून जातं. सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींनाच ते औषध बनवायला लावलं तर ते रोज ताजं मिळेल, असा हा हिशेब आहे.

सर्वांत जास्त काम झालंय ते ‘आयएल-१आरए’ या प्रथिनावर. सांध्यातला दाह भडकवणारं इंटरल्युकिन-१ ज्या कुलपाला लागतं, तिथे हे आधीच जाऊन बसतं. १९९६ मध्ये पिट्सबर्गला ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पॉल रॉबिन्स यांच्या गटाने हा प्रयोग माणसावर पहिल्यांदा सुरू केला. आमवात असलेल्या नऊ स्त्रियांच्या बोटांच्या पेरांचे सांधे शस्त्रक्रियेत काढायचेच होते. त्यांच्याच अस्तरातल्या पेशी बाहेर वाढवून, त्यांत जनुक घालून, त्या सांध्यांत परत सोडल्या. आठवड्याने सांधे काढून तपासले तेव्हा जनुक काम करत होतं. काढून टाकायच्याच सांध्यात प्रयोग केल्यामुळे धोका कमी आणि तपासणी थेट, ही त्या आखणीची हुशारी. इव्हान्स पुढे मेयो क्लिनिकमध्ये गेले. तिथे बाहेरच्या पेशींचा खटाटोप वगळून एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूतून हेच जनुक थेट गुडघ्यात सोडलं गेलं. एका इंजेक्शनात दहा हजार कोटींपासून दहा लाख कोटींपर्यंत कण, रुग्ण नऊ. वर्षभरानंतरही गुडघ्यातल्या पाण्यात प्रथिनाची पातळी वाढलेली मिळाली. एवढ्या थोड्या लोकांवर सुरक्षितता जोखता येते. दुखणं त्यामुळेच कमी झालं असं म्हणता येत नाही.

वाहक कोणता, याला फार महत्त्व आहे. एएव्हीचा कण २०-२५ नॅनोमीटरचा, म्हणून कूर्चेच्या दाट जाळीत थोडाफार शिरतो. पण त्यात डीएनएच्या जेमतेम ४.७ हजार अक्षरांचा मजकूर मावतो. अॅडेनोविषाणूत त्याच्या कितीतरी पट मावतो, पण तो सुमारे ९० नॅनोमीटरचा असल्याने अस्तरावरच थांबतो. अमेरिकेतल्या पॅसिरा कंपनीच्या चाचणीत हाच दुसरा वाहक आहे. त्यात जनुकासमोर असा खटका बसवलाय की सांध्यात दाह असेल तेव्हाच ते चालू व्हावं. पहिल्या टप्प्यात ७२ रुग्ण होते. इंजेक्शननंतर गुडघ्याला सूज येणं हा नेहमीचा त्रास, आणि आधी स्टेरॉइड दिलेल्यांना तो कमी झाला.

डीएनएबद्दल: एएव्ही आणि हा अॅडेनोविषाणू यांचा मजकूर बहुतांशी पेशीच्या केंद्रकात सुटा पडून राहतो, गुणसूत्रात शिवला जात नाही. पेशी मेली की तोही संपतो. रेट्रोविषाणू आणि लेंटीविषाणू मात्र गुणसूत्रात शिरतात. त्यामुळे त्या थेरपीनंतर १५ वर्षं पाठपुरावा ठेवतात, कारण चुकीच्या जागी शिरल्यास कर्करोगाची शक्यता उरते. आणखी एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. एएव्ही एकदा घेतला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि तोच वाहक दुसऱ्यांदा सहसा चालत नाही. आज एखाद्या कच्च्या चाचणीत घेतलेला डोस उद्याच्या पक्क्या औषधाचं दार बंद करू शकतो.

प्रश्न: कोरियात गुडघ्याच्या जीन थेरपीला परवानगी मिळाली होती असं वाचलं. मग ती कुठे गेली? (पुणे)

उत्तर: ते इन्व्होसा. कोलोन कंपनीचं हे इंजेक्शन जुलै २०१७ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झालं, ग्रेड ३ च्या आणि औषधांनी उतार न पडलेल्या गुडघ्यांसाठी. त्यात दोन प्रकारच्या पेशी तीनास एक प्रमाणात होत्या. तीन भाग दात्याच्या साध्या कूर्चापेशी, आणि एक भाग टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन बनवणाऱ्या, जनुक घातलेल्या पेशी. या दुसऱ्या पेशींची वाढ थांबावी म्हणून त्यांना किरणोत्सर्ग दिलेला असे.

२०१९ मध्ये पेशींची ‘एसटीआर’ चाचणी झाली. गुन्हे तपासात डीएनएवरून माणूस ओळखतात त्याच तत्त्वावरची ही चाचणी. निष्पन्न झालं ते असं की जनुक घातलेल्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच, त्या मूत्रपिंडाच्या होत्या. विषाणू तयार करण्यासाठी प्रयोगशाळांत २९३ नावाचा पेशीवंश वापरतात, त्याच कुळातल्या. विषाणूच्या द्रवाबरोबर त्यातल्या काही पेशी कूर्चापेशींच्या बशीत आल्या आणि भराभर वाढून त्यांनी बशी व्यापली, असं मानलं जातं. तोवर तीन हजारांवर लोकांना इंजेक्शन देऊन झालं होतं. कोरियाने परवाना रद्द केला आणि त्या रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवायला सांगितलं. अमेरिकेने चाचणी थांबवली, पण एप्रिल २०२० मध्ये, पेशी कुठल्या हे स्पष्ट लिहून, पुन्हा चालू करू दिली.

आमच्या मते यातली गंभीर बाब मूत्रपिंडाच्या पेशी ही नाहीच. किरणोत्सर्ग दिलेल्या त्या पेशी काही आठवड्यांत मरतात. गंभीर बाब ही की अगदी स्वस्त ओळख-चाचणी वेळेवर झाली नाही, आणि मंजुरीच्या कागदावर एक पेशी तर बाटलीत दुसरीच राहिली. शिवाय कोरियातली मंजुरी वेदना आणि हालचालीतल्या सुधारणेवर होती. कूर्चा नव्याने उगवते हे तेव्हाही सिद्ध झालेलं नव्हतं, जाहिराती काहीही म्हणोत.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, हिमोफिलिया ए, तीव्र प्रकार. डाव्या घोट्यात वारंवार रक्तस्राव होतो. वेल्लोरला जीन थेरपीने पाच जण बरे झाले अशी बातमी होती. त्याला मिळेल का? घोटा पूर्ववत होईल का? (अमरावती)

उत्तर: बातमी खरी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने २२ ते ४१ वयाच्या पाच जणांवर उपचार केले. अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढायच्या, लेंटीविषाणूने त्यांत फॅक्टर ८ चं (हिमोफिलिया ए मध्ये कमी पडणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक घालायचं, जोरदार केमोथेरपीने मज्जेत जागा करायची आणि पेशी परत सोडायच्या. पाचही जणांचे मिळून ८१ महिन्यांचं निरीक्षण झालं होतं, आणि पेशी रुजल्यानंतर कुणालाही रक्तस्राव झाला नाही. फॅक्टरची पातळी मात्र कुणात जेमतेम दोन ते पाच टक्के, तर कुणात ४० टक्क्यांच्या जवळपास. मुलाला आज हे मिळणार नाही. चाचणी प्रौढांवर होती, आणि केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. १४ व्या वर्षी तो निर्णय सोपा नाही.

परदेशात मंजूर झालेला दुसरा प्रकार एएव्हीचा. तो शिरेतून देतात आणि जनुक यकृतात जातं. तोही १८ वर्षांवरच्यांनाच. वाढत्या यकृतात पेशी विभागत राहतात आणि सुटा पडलेला मजकूर विरळ होत जातो, हे त्यामागचं कारण. प्रौढांतही फॅक्टर ८ ची पातळी वर्षागणिक उतरते, यकृताचे एन्झाइम वाढले तर महिनोन्‌महिने स्टेरॉइड घ्यावं लागतं, आणि एएव्हीविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असतील तर अनेकदा उपचारच नाकारला जातो. हिमोफिलिया बी साठीच्या हेमजेनिक्स या एएव्ही थेरपीची अमेरिकेतली किंमत ३५ लाख डॉलर होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

घोट्याचं उत्तर अधिक महत्त्वाचं. सांध्यात रक्त साठलं की त्यातलं लोह अस्तरात उतरतं, अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात आणि त्या पुन्हा फुटतात. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक आपोआप झालेले रक्तस्राव म्हणजे तो ‘टार्गेट जॉइंट’. जीन थेरपी हे चक्र थांबवते. झिजलेली कूर्चा परत आणत नाही. म्हणून १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची नाही; घोटा आत्ता वाचवायचा.

त्यासाठी रक्तस्राव झाल्यावर फॅक्टर देण्याऐवजी, होऊ नये म्हणून ठरलेल्या दिवशी द्यायचा, किंवा फॅक्टर ८ चं काम करणारं, कातडीखाली घ्यायचं एमिसिझुमॅब हे औषध सुरू करायचं. उपलब्धतेबद्दल तुमच्या केंद्रात विचारा. मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था (एनआयआयएच) आहे, आणि राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाचं डे-केअर चालतं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, प्रमाणपत्र काढून घ्या.

घोट्यात मुंग्या किंवा ऊब जाणवली की सूज दिसायची वाट न पाहता दोन तासांच्या आत फॅक्टर द्यावा. हिशेब असा: किलोमागे १ युनिट दिलं की पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते; ४० किलोच्या मुलाला ५० टक्क्यांवर न्यायचं तर १००० युनिट. बर्फ कापडात गुंडाळून, पाय उशीवर, दिवस-दोन दिवस भार नाही. मग हळूहळू व्यायाम. फार दिवस प्लास्टर घातलं तर पोटरी वाळते आणि पुढचा रक्तस्राव लवकर होतो. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन नाही. तेल लावून चोळणं नाही. आणि अधूनमधून ‘इन्हिबिटर’ची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी करायला सांगा. नेहमीच्या डोसने रक्त थांबेनासं झालं तर पहिला संशय त्याचाच घ्यायचा.

प्रश्न: पाच महिन्यांच्या मुलीची दोन हाडं किरकोळ कारणाने मोडली. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार, ओआय, असं निदान झालं. एकच जनुक बिघडलंय तर ते बदलत का नाहीत? (कोल्हापूर)

उत्तर: कारण बहुतेक ओआयमध्ये जनुक गैरहजर नसतं, खोडसाळ असतं. हाडातलं कोलॅजेन तीन धाग्यांच्या दोरीसारखं विणलेलं असतं: दोन धागे एका जनुकाचे, तिसरा दुसऱ्याचा. पहिल्या जनुकाची एक प्रत बिघडली तर निम्मे धागे खराब निघतात; पण दोरीत ते दोन असल्याने चारपैकी तीन दोऱ्यांत खराब धागा येतोच. बाहेरून चांगलं जनुक घातलं तरी खराब धागा विणला जातच राहतो. उलट बिघडलेली प्रत साफ गप्प असेल तर कोलॅजेन निम्मं बनतं, पण निर्दोष बनतं, आणि आजार सौम्य राहतो. म्हणून संशोधनाचा रोख खराब प्रत गप्प करण्यावर किंवा तेवढंच अक्षर दुरुस्त करण्यावर आहे. ते अजून प्रयोगशाळेच्या आसपास आहे.

जिथे एन्झाइमच नसतं तिथे चित्र वेगळं. हर्लर या आजारात मिलानच्या डॉक्टरांनी आठ मुलांच्या मूळपेशींत हरवलेलं जनुक घातलं. २०२१ च्या अहवालात सांध्यांचा ताठरपणा आणि वाढ यांत सुधारणा दिसली. मुलं लहान होती, हाडं अजून वेडीवाकडी व्हायची होती, याचा त्यात मोठा वाटा असावा.

तुमच्या मुलीसाठी आजचा उपचार बिस्फॉस्फोनेटचा, म्हणजे हाडांची झीज मंदावणाऱ्या औषधांचा. पॅमिड्रोनेट थोड्या मोठ्या मुलांना वर्षाला किलोमागे ९ मिलिग्रॅम, चक्रांत वाटून; किंवा झोलेड्रोनेट साधारण किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी. तान्ह्या बाळांचा डोस वेगळा आणि कमी, तो तज्ज्ञच ठरवतील. त्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहायलाच हवं, नाहीतर औषधानंतर कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप येतो, तो अपेक्षित आहे. पुढे लांब हाडांत मुलाबरोबर वाढणाऱ्या सळया घालता येतात.

घरात काय करायचं, ते नीट वाचा. लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलू नका. कुल्ल्यांखाली पसरलेला तळहात सरकवून कंबर अलगद उचला. बगलेत धरून उचलणं नको, एक हात डोकं-मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली. मालिशवाल्या बाई बाळाला पायांवर घेऊन रगडतात, हातपाय ताणतात, उलटसुलट करतात: हे पूर्ण बंद. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या. अंघोळ टबात, आधार देऊन. बाह्या घालताना बाळाचा हात ओढू नका, आपली बोटं बाहीतून आत घालून बाळाची मूठ धरून आणा. निदानाचा कागद नेहमी पिशवीत ठेवा. नव्या दवाखान्यात मोडलेली हाडं पाहून मारहाणीचा संशय घेतला जाऊ शकतो, आणि तो कागद तिथे कामी येतो.

पुढच्या मुलाचा विचार असेल तर मुलीचा जनुकीय अहवाल आधी हातात असू द्या. दोष माहीत असला तरच ११ ते १३ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. आईवडील दोघं निरोगी असले तरी धोका शून्य नसतो. एखाद्याच्या बीजपेशींपुरता दोष असू शकतो.

प्रश्न: मला आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. यावर जीन थेरपी येईल का? (पणजी)

उत्तर: नजीकच्या काळात शक्यता कमी. आमवात अंगभर असतो, आणि सांध्यात टोचलेलं जनुक त्या एका सांध्यापुरतं. शिवाय गोळ्या आणि इंजेक्शनं आता इतकी चांगली आहेत की नव्या धोक्याचं समर्थन अवघड होतं. २००७ मध्ये अमेरिकेत अशा चाचणीतली ३६ वर्षांची रुग्ण गुडघ्यातल्या दुसऱ्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांत दगावली. शरीरभर पसरलेला बुरशीचा संसर्ग आढळला. ती प्रतिकारशक्ती दाबणारं अॅडॅलिमुमॅबही घेत होती. तपासात दोष प्रामुख्याने जनुकावर आला नाही, पण अशा रुग्णांना ताप असताना सांध्यात काही टोचू नये, हे त्यातून पक्कं झालं. आपल्याकडे अशी औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, ती चुकवू नका.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवा, चिठ्ठीवर लिहा. चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येऊन, रक्तपेशी घटून माणसं अतिदक्षता विभागात पोहोचतात.

प्रश्न: नडगीचं हाड आठ महिने जुळलेलं नाही. जनुक घालून जुळवतात म्हणे? (बीड)

उत्तर: प्राण्यांमध्ये जुळवलंय, बीएमपी-२ या हाड वाढवणाऱ्या प्रथिनाचं जनुक वापरून. तुमच्यासाठी आधी कारण शोधायला हवं: आत जंतुसंसर्ग आहे का, सळई ढिली होऊन हाड हलतंय का, साखर आणि ड जीवनसत्त्व किती, आणि तंबाखू. मिश्री आणि गुटखाही त्यातच आले. निकोटीनने हाडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. ईएसआर आणि सीआरपी या संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या, गरज वाटल्यास सीटी स्कॅन. संसर्ग नसेल तर पक्की बसवणूक आणि कमरेच्या हाडाचा स्वतःचाच कलम, हा उपाय अजून पहिल्या क्रमांकावर आहे. संसर्ग असेल तर आधी तो साफ करावा लागतो, कलम त्यानंतर.